60 हजारांचे डिपॉझिट आणि जुलैतला एक मेसेज

प्रश्न : आम्ही पतीपत्नी दोघेही निवृत्त असून साताऱ्यात राहतो. 2013 साली पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात दोन बेडरूमचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला. गेली 3 वर्षे तो एका कुटुंबाला लिव्ह अँड लायसन्सने दिला होता. दर 11 महिन्यांनी नवा करार केला आणि प्रत्येक करार ऑनलाइन नोंदवला. भाडे 22,000 रुपये आणि डिपॉझिट 60,000 रुपये होते. गेल्या महिन्यात त्यांनी घर सोडले. चावी घ्यायला गेलो तेव्हा ओट्याखालच्या ट्रॉल्या पाण्याने फुगलेल्या होत्या, एका बेडरूमची भिंत गडद निळी रंगवलेली होती, हॉलमध्ये टीव्हीसाठी मोठी भोके पाडलेली होती, वॉशबेसिनला तडा गेला होता, बाथरूमचे दार खालून कुजले होते आणि खिडकीची एक काच फुटलेली होती. त्यातच खालच्या मजल्यावरच्या सभासदांनी त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आल्याची तक्रार सोसायटीकडे केली आहे. आमच्या ओळखीच्या कंत्राटदाराने 1,42,000 रुपयांचा अंदाज दिला : ट्रॉल्या 68,000, संपूर्ण घराचा रंग 38,000, दार 9,500, बेसिन 3,800, काच 2,200 आणि गळतीचे काम 20,500. सोसायटीतल्या सुताराने मात्र ट्रॉल्या जुन्यासारख्याच करायच्या तर 45,000 सांगितले. मुलगा म्हणतो, डिपॉझिट जप्त करा आणि वरचे 82,000 मागा. भाडेकरू म्हणतात, घर वापरले की झिजणारच. रंगाचे 5,000 आणि शेवटचे 1,860 रुपयांचे लाइटबिल कापा आणि बाकी परत करा. त्यांचे वॉशिंग मशीन अजून फ्लॅटमध्येच आहे, ते आम्ही तूर्त देऊ नये असे ठरवले आहे. एक गोष्ट सांगायची राहिली : जुलैमध्ये त्यांनी सिंकखाली पाणी ठिबकत असल्याचा मेसेज केला होता. दिवाळीनंतर पुण्याला येऊ तेव्हा बघू, असे आम्ही कळवले होते. आता काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात डिपॉझिट आधी येते आणि वॉशिंग मशीन शेवटाकडे. मी उलट्या क्रमाने सुरुवात करतो, कारण डिपॉझिटचा हिशेब आठ-दहा दिवसांनी पुरा झाला तरी फारसे बिघडत नाही, वॉशिंग मशीन मात्र याच आठवड्यात त्यांच्या ताब्यात गेले पाहिजे. येणे वसूल होईपर्यंत राहून गेलेल्या माणसाचे सामान अडकवून ठेवावे, असा हक्क घरमालकाला आपोआप मिळत नाही. उलट, लायसन्सची, म्हणजे जागा वापरण्याच्या नुसत्या परवानगीची, व्याख्या ज्या कायद्यात आहे त्या 1882 च्या इझमेंट्स ॲक्टचे कलम 63 असे सांगते की, लायसन्स संपुष्टात आल्यावर जागा सोडण्यासाठी आणि तिथे ठेवलेले सामान हलवण्यासाठी लायसन्सधारकाला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. आज या व्यवहारात नुकसान झालेली बाजू तुमची आहे. उद्या त्यांनी पोलीस चौकीत ‘माझे मशीन दाबून ठेवले आहे’ असा अर्ज दिला की फुगलेल्या ट्रॉल्या बाजूला राहतील आणि खुलासे तुम्हाला करावे लागतील. मशीन नेताना एका कागदावर तारीख, वेळ आणि ‘वॉशिंग मशीन चालू स्थितीत मिळाले, फ्लॅटमध्ये माझे अन्य सामान नाही’ एवढे लिहून सही घ्या, म्हणजे हा विषय मिटेल.

आता डिपॉझिट. ही रक्कम तीन वर्षे तुमच्या खात्यात पडून असल्यामुळे ती आपली वाटू लागते, हे मी अनेक घरमालकांच्या बाबतीत पाहिले आहे. करारात मात्र ती परत करण्याच्या बोलीवर घेतलेली असते आणि तिच्यातून कापलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण दाखवण्याची जबाबदारी कापणाऱ्यावर असते. तुमच्या करारात ‘नुकसान झाल्यास डिपॉझिट जप्त करण्यात येईल’ असे वाक्य असेलही, कारण तयार मसुद्यांत ते बहुधा असतेच. तरी 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा वाक्याने ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत वाजवी भरपाई काय, याचा विचार वेगळा करावा लागतो. म्हणजे 60,000 हा आकडा करारात आहे म्हणून 60,000 चे नुकसान झाले, असे होत नाही. मुलाने सुचवलेले वरचे 82,000 तर आणखी दूरची गोष्ट झाली.

प्रत्येक करार नोंदवलात हे फार चांगले केलेत. ‘11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात अजूनही घट्ट आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तो धोका तुम्हाला नाही. मात्र करारासोबतची सामानाची यादी काढून पाहा. तिच्यात बहुधा ‘पंखे 5, गीझर 2, किचन ट्रॉल्या 1 संच’ असे लिहिलेले असेल. वस्तू किती दिल्या हे त्यावरून कळते, पण त्या कोणत्या अवस्थेत दिल्या हे कळत नाही, आणि तुमचा सगळा वाद अवस्थेचाच आहे. घर देतानाचे फोटो तुमच्याकडे असतील तर ते शोधा. नसतील तर जे तुम्हाला दाखवता येणार नाही त्याचा आग्रह धरू नका.

कंत्राटदाराचा कागद हातात घेऊन मी पुढे बोलतो. हा कागद वाचताना एक फरक सतत डोळ्यांसमोर ठेवायला हवा : फ्लॅट पुन्हा नवा करायला किती लागेल हा एक आकडा, आणि राहणाऱ्याच्या चुकीने तुमचे किती गेले हा दुसरा. 1,42,000 हा पहिला आकडा आहे. बारा वर्षांच्या फ्लॅटला रंग, नवी ट्रॉली, नवे दार हे सारे कधी ना कधी लागणारच होते, भाडेकरू कितीही नेटका असता तरी. कंत्राटदाराची यात चूक नाही. तुम्ही त्याला ‘घर नीट करून द्यायला किती घ्याल’ असे विचारले आणि त्याने त्याचे उत्तर दिले. लीजच्या, म्हणजे भाडेपट्ट्याच्या, बाबतीत 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 म्हणते की भाडेपट्टेदाराने जागा घेतली तशीच परत करावी, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळावी. तुमचा व्यवहार लीजचा नाही, लायसन्सचा आहे, म्हणून हे कलम थेट लागू होत नाही. तरी लिव्ह अँड लायसन्सच्या बहुतेक मसुद्यांत ‘सर्वसाधारण झीज वगळता’ हे शब्द असतात, आणि ते तुमच्याही करारात आहेत का हे आधी पाहा.

ट्रॉल्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत मोठा आकडा तिथे आहे. 68,000 आणि 45,000 या दोन आकड्यांत एवढे अंतर का, हे कंत्राटदाराला विचारा. तो बहुधा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवूड, आणि हळुवार बंद होणारे चॅनेल धरून बोलत असेल, आणि तुमच्या मूळ ट्रॉल्या, त्या फुगल्या त्या अर्थी, पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या असाव्यात. प्लायवूड पाण्याने थर सोडतो. पार्टिकल बोर्ड पाव भिजल्यासारखा फुगतो, कडेची पट्टी सुटते, स्क्रू धरत नाही आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. जुन्या वस्तूच्या जागी वरच्या दर्जाची वस्तू घ्यावी, ही तुमची इच्छा योग्यच आहे, पण तो वरचा खर्च तुमचा. म्हणून आपण 45,000 धरू. स्वयंपाकघरातल्या अशा ट्रॉल्यांचे आयुष्य मी साधारण 15 वर्षे धरतो. हा माझा ठोकताळा आहे, कायद्याचा नाही, आणि भाडेकरूने 12 म्हटले तर त्याच्याशी भांडायला माझ्याकडे फारसे काही नाही. 15 धरले तर तुमच्या ट्रॉल्यांची 3 वर्षे शिल्लक होती, म्हणजे 45,000 चा पाचवा हिस्सा, 9,000 रुपये.

या 9,000 वर तुमचा तो जुलैतला मेसेज येऊन बसतो. पत्रात तुम्ही तो ‘सांगायची राहिलेली गोष्ट’ म्हणून लिहिलात, पण मला सगळ्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच वाटला. सिंकखालच्या वेस्ट पाइपची जोडणी सैल झाली की थेंब थेंब पाणी ट्रॉलीच्या तळावर पडते. पहिल्या आठवड्यात ते फडक्याने पुसता येते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोर्ड कडेने फुगू लागतो आणि जुलैपासून दिवाळीपर्यंतच्या तीन-साडेतीन महिन्यांत तो तळातून सुटतो. प्लंबरने तिथे वॉशर किंवा जास्तीत जास्त पाइप बदलला असता. काही शे रुपयांचे काम होते. भाडेकरूंच्या संदर्भात महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 14 घरमालकावर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी टाकते आणि निदान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूला ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत, खर्च भाड्यातून वळता करून घेऊ देते. तुमचे राहणारे लायसन्सधारक असल्यामुळे हेही कलम त्यांना थेट उपयोगी नाही. पण ‘कळवले होते, तुम्ही दिवाळीवर ढकलले’ हे त्यांचे वाक्य कोणत्याही मध्यस्थापुढे वजनदार ठरेल, आणि ते लेखी आहे.

तरीही सगळा दोष तुमचा, असेही मी म्हणणार नाही. करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की नुकसान मोजताना ते टाळण्यासाठी जी साधने हाती होती त्यांचाही विचार करावा. ते तत्त्व दोन्ही बाजूंनी लावता येते. रोज त्या ओट्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाला खाली बादली ठेवता आली असती, ट्रॉली काढून बाजूला करता आली असती, किंवा ‘मी प्लंबर बोलावतो, पैसे भाड्यातून कापून घेतो’ असा दुसरा मेसेज करता आला असता. यांपैकी काही झाल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. म्हणून मी इथे दोष निम्मा-निम्मा वाटतो : 4,500 रुपये त्यांचे आणि उरलेले तुमचे.

आता खालच्यांची ओल. तुमच्या मुलाने ती सिंकच्या गळतीशी जोडलेली दिसते, पण पत्र पुन्हा वाचून पाहा : ओल खालच्या फ्लॅटच्या बेडरूमच्या छताला आहे. एकावर एक असलेल्या फ्लॅटची आखणी बहुधा सारखीच असते, म्हणजे ती जागा तुमच्याही बेडरूमखाली किंवा तिला लागून असलेल्या बाथरूमखाली येते, स्वयंपाकघराखाली नव्हे. बाथरूमचे दार खालून कुजलेले असणे आणि त्याच बाजूला खाली ओल असणे, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की संशय फरशांच्या सांध्यांवर, नाहाणी ट्रॅपच्या (पाणी निचरून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतालच्या भागावर किंवा भिंतीतल्या पाइपवर जातो. बारा वर्षांत सांध्यांतले सिमेंट झिजते, पाणी फरशीखालच्या कोब्यात उतरते आणि तिथून स्लॅबमध्ये वाट काढते. यात राहणाऱ्याचा हात दाखवणे अवघड आहे.

तो तर्क मी इथे बसून करतो आहे, म्हणून तो तपासून घ्या. बाथरूमचा निचरा चिंधी आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून जमिनीवर बोटभर पाणी साठवा, भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा, आणि 24 तास कोणालाही आत जाऊ देऊ नका. पाणी खुणेच्या लक्षात येण्याइतके खाली गेले आणि खालच्या छताची ओल वाढली तर दोष फरशीत आहे. याउलट, फ्लॅट रिकामा असल्याने मुख्य कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवून ओल सुकू लागते का हेही पाहता येईल. तशी सुकली तर भिंतीत पुरलेला पाइप फुटलेला समजा. हे न करता 20,500 चे काम सुरू केलेत तर बाथरूमच्या सगळ्या फरशा उखडल्या जातील आणि ओल पाइपमुळे होती असे नंतर कळेल. खालच्या छताला रंगही आताच काढू नका. स्लॅब पूर्ण सुकायला वेळ लागतो, आणि ओल्या छतावर पुट्टी मारली की थोड्याच दिवसांत तिच्याखाली लोणा फुटून पापुद्रे सुटतात.

खर्च कोणाचा, हेही स्पष्ट आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे, संडास, बाथरूम, सिंक अशा फ्लॅटच्या आतल्या गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते, तर इमारतीच्या बाहेरच्या ड्रेनेज लाइनची किंवा गच्चीची गळती सोसायटीकडे जाते. प्लंबरला बाहेरची उभी लाइनही पाहायला सांगा, कारण ती फुटलेली निघाली तर खर्चाची बाजू बदलेल. पण आतली गळती निघाली तर खालच्या सभासदांशी तुम्ही बोलायचे, राहून गेलेल्या माणसाकडे त्यांना पाठवायचे नाही. आज संध्याकाळी त्यांना फोन करून ‘पाण्याची चाचणी अमुक तारखेला घेतो, तुम्ही छताचा फोटो आधी आणि नंतर काढून ठेवा’ एवढे सांगितलेत तरी सोसायटीतली अर्धी तक्रार शांत होईल. तेव्हा या ओळीतले भाडेकरूचे देणे शून्य.

बाकीच्या ओळींवर फार थांबण्याचे कारण नाही. त्यांच्या तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर संपूर्ण घराला रंग लागणे ही झीज आहे आणि 38,000 तुमचेच; मात्र परवानगीशिवाय काढलेला गडद निळा रंग झाकायला प्रायमर आणि जादा हात लागतील, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःहून देऊ केलेले 5,000 योग्य आहेत, ते कुरकुर न करता घ्या. कॅलेंडर-घड्याळाच्या खिळ्यांची भोके कोणी मोजत नाही, पण टीव्हीसाठी ड्रिलने पाडलेली मोठी भोके भरून प्लास्टर सारखे करायला 1,000 कापायला हरकत नाही. बेसिन चिनी मातीचे असते, ते बारा वर्षांत लाकडासारखे झिजत नाही. काहीतरी जड आदळल्याखेरीज त्याला सहसा तडा जात नाही, म्हणून 3,800 पूर्ण घ्या, फक्त नवे बेसिन त्याच प्रतीचे असू द्या. दार पाण्यापाशी राहून कुजले, त्याच्या खालच्या कडेला पत्रा किंवा पीव्हीसीची पट्टी नसावी, ते तुमचे.

काचेबद्दल मी थोडा डळमळीत आहे. केंद्राने 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात दुरुस्त्यांची वाटणी करणारी एक यादी आहे. तिच्यात भिंतींचा रंग, पाइप बदलणे, वायरिंग ही कामे मालकाकडे आणि नळांचे वॉशर, बेसिन, गीझर, स्विच यांच्या दुरुस्त्या व दारे-खिडक्यांच्या काचा राहणाऱ्याकडे दिल्या आहेत. तो कायदा महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही, पण न्याय्य वाटणीची कल्पना यावी म्हणून मी ती यादी वापरतो. तिच्याप्रमाणे 2,200 त्यांच्याकडे जातात. तरी ही रक्कम तुम्ही सोडून द्यावी, असे मी सुचवीन. काच कशाने फुटली ते तुम्ही लिहिलेले नाही, ती खाली खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूनेही फुटली असेल. शिवाय हिशेबाला बसताना सोडण्यासारखे काहीतरी हाताशी असावे लागते, नाहीतर समोरच्यालाही काही सोडावेसे वाटत नाही. मी स्वतः अकरा वर्षे भाड्याच्या घरांत काढली आहेत. एका घरमालकाने पंख्यावर धूळ होती म्हणून 300 रुपये कापले होते. इतर कापलेल्या रकमा मी केव्हाच विसरलो, तो पंखा अजून आठवतो.

तर हिशेब असा होतो : ट्रॉल्यांचे 4,500, निळ्या भिंतीचे 5,000, भोकांचे 1,000, बेसिनचे 3,800 आणि लाइटबिलाचे 1,860, मिळून 16,160 रुपये. 60,000 मधून ते वजा जाता 43,840 रुपये तुम्ही परत करायचे. ते कबूल करतात त्यापेक्षा हे 9,300 रुपयांनी जास्त आहे, आणि तुमच्या मुलाच्या मागणीपासून फारच दूर. मुलाला हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्याला एवढेच सांगा की 82,000 च्या दाव्यासाठी साताऱ्याहून पुण्याच्या कोर्टाच्या तारखा करायच्या झाल्या, तर त्या कोण करणार हेही त्याने त्याच कागदावर लिहून द्यावे.

हा हिशेब फोनवर सांगू नका. फोनवर माणसे आकड्यापेक्षा आवाजाला उत्तर देतात. तुमच्याकडचे सर्व फोटो, सुताराची चिठ्ठी आणि महावितरणचे बिल जोडून ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर असा मजकूर पाठवा : ‘आपण अमुक तारखेला घराचा ताबा दिला. घर तपासल्यावर खालील पाच बाबींपोटी 16,160 रुपये वजा करणे आम्हाला योग्य वाटते. ट्रॉल्यांच्या बाबतीत आपण जुलैमध्ये कळवले होते हे आम्हाला मान्य असून त्यामुळे निम्माच भाग धरला आहे. संपूर्ण रंग, दार, काच व बाथरूमची गळती यांचा खर्च आपल्याकडून घेत नाही. यातील काही चूक वाटल्यास सात दिवसांत कळवावे. अन्यथा 43,840 रुपये आपल्या खात्यात जमा करू.’ स्वतःची चूक स्वतःच लिहून पाठवायची, हे मुलाला खटकेल. पण तो मेसेज त्यांच्या फोनमध्ये आहेच, आणि आपण आधीच मान्य केलेल्या गोष्टीवरून कोणी आपल्याला कोंडीत पकडू शकत नाही. पैसे बँकेतूनच पाठवा आणि ‘डिपॉझिटचा पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ अशी लेखी पोच घ्या.

त्यांनी 4,500 वरून किंवा भोकांवरून खळखळ केली तर दोन-तीन हजारांनी खाली या. मुळीच ऐकले नाही तर वजावट करून उरलेली रक्कम त्यांच्या खात्यात भरून टाका, आणि वाद राहील तो फक्त 16,160 चाच राहू द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असा वाद दावा दाखल होण्याआधीच लोक अदालतीत ठेवता येतो. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो. इतक्या रकमेसाठी त्याच्या पुढे जावे असे मला वाटत नाही.

तुम्ही पत्रात ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरलात, म्हणून पैशांची एक बाजू सांगतो. वर्षाचे भाडे 2,64,000 होते. प्राप्तिकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून, महापालिकेचा कर वजा केल्यावर, 30 टक्के सरसकट वजावट देतो. प्रत्यक्ष दुरुस्तीवर तुम्ही एक रुपया खर्च करा की एक लाख, वजावट तेवढीच राहते. म्हणजे दरवर्षी पाऊण लाखाच्या आसपासची रक्कम घराच्या देखभालीला जाते असे सरकारनेही गृहीत धरलेले आहे. तुम्ही दरवर्षी एका महिन्याचे भाडे जरी बाजूला काढले असते तरी तीन वर्षांत 66,000 साठले असते, आणि घराचा रंग, दार व बाथरूमचे काम यांचे 68,000 त्यातून जवळजवळ भागले असते. विमा या वेळी उपयोगाला येणार नाही. 1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तिच्यात आग, पूर, भूकंप यांच्याबरोबर टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसान येते. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल मात्र अशा आकस्मिक घटनांत बसत नाही. तरी भाड्याने देण्याच्या घराला ती घ्यावी, सिंहगड रस्त्याच्या नदीकाठच्या भागाला तर नक्कीच.

पुढच्या करारात मला दोन गोष्टी हव्यात. एक, सामानाच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची अवस्था आणि खरेदीचे वर्ष, आणि ताबा देतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ दोघांच्या फोनमध्ये : नळ सोडून, सिंकखालचे दार उघडून, गीझर चालू करून काढलेला. दुसरी म्हणजे अशी अट की, पाणी किंवा वीज यांची 2,000 रुपयांपर्यंतची दुरुस्ती राहणाऱ्याने मालकाला कळवून लगेच करून घ्यावी आणि बिल दाखवून ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करावी. तुम्ही साताऱ्यात आहात, पुण्यातला नळ तुमच्या सवडीची वाट पाहणार नाही. सोसायटीच्या ऑफिसात ज्या प्लंबरचा नंबर लावलेला असतो त्याच्याशी तुम्ही आताच बोलून ठेवा, पाण्याच्या चाचणीला त्यालाच बोलवा. आणि बाथरूमचा निकाल लागेपर्यंत एजंटने कितीही घाई केली तरी नव्या माणसाकडून टोकन घेऊ नका.